साधं वाक्य

"आज मेट्रोत अगदी जीव गेला माझा," असं म्हणत मी पर्स टेबलावर टाकली. ऑफिसातला माझा पहिला दिवस होता आणि शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांशी काहीतरी बोलावं म्हणून मी बोलले होते. त्यांनी मान वळवली, मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "गेला नाही. उभ्या आहात की." मग ते पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळले. या माणसाशी आपलं जमायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. बनशंकरीपासून यशवंतपूरपर्यंत लोंबकळत आलेल्या बाईला माणसानं निदान 'बसा' तरी म्हणावं.

जमलं, पण त्याला बरेच महिने लागले. त्या काळात मला सगळ्याचाच कंटाळा आलेला होता. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून बंगळूरला आले होते. भाजीवाल्याशी मोडकं कन्नड, कामवालीशी हिंदी आणि नवऱ्याशी फोनवरचे मेसेज, एवढंच माझं बोलणं उरलं होतं. दिवसभर मराठी तरी कानावर पडेल म्हणून ही नोकरी धरली. ते पडलं. इतकं पडलं की संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी माझ्याशी बोलूच नये असं वाटे.

काम असं होतं. कुठलंसं यंत्र मराठी शिकत होतं आणि आम्ही त्याला शिकवत होतो. स्क्रीनवर एक वाक्य यायचं, त्याच्याखाली दोन बटणं. वाक्यात जे म्हटलंय तेच म्हणायचं असेल, तर हिरवं बटण, म्हणजे 'साधं'. म्हटलंय एक आणि म्हणायचंय दुसरंच, असं असेल तर पिवळं बटण, म्हणजे 'रूपक'. 'सदू झाडावर चढला' हे हिरवं. 'कांद्याचे भाव आभाळाला भिडले' हे पिवळं. खिडकीखाली घाऊक बाजार होता, तिथे खऱ्या कांद्याच्या गाड्या उतरत असायच्या आणि मिरच्यांच्या पोत्यांमुळे आम्ही खिडकी कायम बंद ठेवत असू. हॉलमध्ये तेलुगू, तमिळ, हिंदीची मोठमोठी टेबलं होती. मराठीच्या टेबलावर आम्ही दोघंच, मी आणि ते. काचेच्या केबिनमध्ये आमचा लीड, पुण्याचाच एक तरुण मुलगा.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे निपाणीकडचे, पण चाळीसेक वर्षं राजाजीनगरात राहिलेले. यशवंतपुरातल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते अक्का म्हणायचे. इथल्या जुन्या लोकांची रीतच ती.

अण्णांच्या तोंडून कधी वाक्प्रचार निघत नसे. बाहेर पाऊस आहे का विचारलं, तर "पाणी पडतंय" म्हणत. तब्येत कशी आहे विचारलं, की "डावा गुडघा दुखतो" हे उत्तर. 'ठीक आहे' नाही, 'चाललंय' नाही. कुणी "अण्णा, वेळ कसा पळतो बघा" म्हणालं, तर ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि काही न बोलता कामाला लागत. शेजारच्या टेबलांवरच्या पोरांनी त्यांचं नाव 'लिटरल अंकल' ठेवलं होतं. एकदा त्यातला एकजण मुद्दाम डोकं धरून आला आणि म्हणाला, "अंकल, मेरे दिमाग में आग लगी है." अण्णांनी शांतपणे आपली पाण्याची बाटली त्याच्यासमोर ठेवली. ही थट्टा होती का, हे त्या पोराला कळलं नाही. मलाही कळलं नाही.

कळलं ते हळदीकुंकवाला. इथल्या मराठी मंडळाच्या एका बाईंनी माझं ऑफिस कुठलं ते विचारलं, अण्णांचं नाव निघालं आणि त्या हातातली वाटी खाली ठेवून हसायलाच लागल्या. "ते? अहो, गणपतीत त्यांचं भाषण असलं की मांडवात जागा मिळायची नाही. एकदा खजिनदारांचा निरोपसमारंभ होता. अण्णांनी त्यांना वड म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, मंडळाच्या यंत्रातलं वंगण म्हटलं आणि शेवटी वेलदोडा म्हटलं. वेलदोडा का, ते अजून कुणाला कळलं नाही, पण काय टाळ्या पडल्या! बायको पहिल्या रांगेत बसायची. भाषण लांबलं की ती मनगट वर करून घड्याळ दाखवायची. तेव्हा कुठे हे थांबायचे."

"मग आता असे कसे?" मी विचारलं.

बाईंचं हसू गेलं. "ती आजारी पडली ना," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून."

पुढचं अण्णांनीच सांगितलं, कॉफी पिताना. बंगळूरमध्ये एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेतात, त्याला बाय-टू म्हणतात. बाजाराच्या तोंडाशी एक उभ्यानं खायचं हॉटेल होतं, तिथे आम्ही रोज दुपारी बाय-टू घ्यायचो. मी नुसतं विचारलं, की तुम्ही पूर्वी भाषणं करत होता म्हणे. त्यांनी पेला कठड्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. एखाद्या अर्जात लिहावं तसं, एकेक वाक्य.

"बायकोच्या मेंदूत रक्त साकळलं. ती दवाखान्यात होती. मी घरी एकटा. इचलकरंजीहून मेहुणीचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, घर खायला उठतं गं. नंतर बायको घरी आली. चालत होती, जेवत होती, सगळ्यांना ओळखत होती. मेहुणी भेटायला आली. बोलता बोलता तिला म्हणाली, तू नव्हतीस तर भाऊजींना घर खायला उठत होतं."



"मग?"

"ती खुर्चीवरनं उठली. चपला घातल्या. बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. आत येईना. मला म्हणाली, तुम्ही पण बाहेर या. लवकर या."

पेल्यातली कॉफी निवत होती आणि आम्ही दोघंही ती घेत नव्हतो. डॉक्टरांनी त्या दुखण्याला काहीतरी नाव दिलं होतं, ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की जे ऐकेल ते तिला तसंच वाटतं. घड्याळ मागे पडलंय म्हटलं, की ती कपाटामागे वाकून शोधायची. माझ्या पोटात गोळा आला म्हटलं, की त्यांचं पोट दाबून बघायची. "पहिल्यांदा हसायला यायचं," अण्णा म्हणाले. "ती पण हसायची. मग तिला भ्या वाटायला लागलं. आपल्याच घरात, अक्का."

तांदूळ निवडतात तसं मग त्यांनी आपलं बोलणं निवडायला घेतलं. आयुष्यभर ज्या शब्दांवर टाळ्या घेतल्या, ते सगळे बाजूला काढले. घरात एक बोलायचं आणि बाहेर एक, असं ठेवलं तर एखादा खडा चुकून राहून जाईल, म्हणून बाहेरही तसंच बोलायला लागले. मंडळात जाणं बंद झालं. मेहुणीचं म्हणणं होतं की आता तिला एखाद्या केंद्रात ठेवावं, तिथे चोवीस तास बायका असतात. अण्णा नको म्हणाले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिथं लोक बोलतात."

मला त्या माणसाचा राग कसा आला होता, हेच त्या दिवशी मला समजेना.

ऑफिसात मात्र भांडण व्हायचं ते झालंच. यंत्राच्या मालकांकडून कामाचे नियम आलेले होते. त्यात एक नियम असा, की रोजच्या वापरानं ज्यांच्यातलं चित्र पुसून गेलंय, ती रूपकं मेलेली समजावीत आणि त्यांना हिरवं बटण द्यावं. 'डोळा लागला' मेलेलं. 'दिवस कलला' मेलेलं. हे बरंच होतं, नाहीतर मराठीतलं एक वाक्य हिरवं राहिलं नसतं. पण अण्णा त्यांना पिवळं देत राहिले. आणि एके दिवशी वाक्य आलं, 'मुली सासरी गेल्यावर आजोबांना घर खायला उठलं.' अण्णांनी पिवळं बटण दाबलं आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'जिवंत आहे.'

लीडनं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मुलगा चांगला होता, नुसता थकलेला होता. त्याच्यावरही कुणीतरी होतंच.

"काका, हे बघा, सिंपल आहे. घर खायला उठलं म्हणजे लोनली वाटलं. सगळ्यांना माहितीये. डिक्शनरीत आहे. म्हणजे डेड मेटाफर. सो, ग्रीन."

"मेलंय असं कुणी सांगितलं?"

"काका, गाइडलाइन आहे."

"गाइडलाइननं येऊन बघितलं का?"

लीडनं डोळे चोळले. "ओके. मला एकच सांगा. आजच्या काळात हे वाक्य ऐकून कोणी खरंच घाबरतं का? एक तरी माणूस?"

अण्णा म्हणाले, "एक आहे. राजाजीनगरात."

लीडनं माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे बघितलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं पुढे वाद घातला नाही. "बरं," तो म्हणाला. "मग असलं काही आलं, की तुम्ही टच करू नका. ताईंकडे पाठवत जा. ताई, तुम्ही बघून घ्याल ना?"

तेव्हापासून सगळी मेलेली माझ्याकडे यायला लागली. अण्णा खुर्ची किंचित मागे घेऊन म्हणायचे, "अक्का, एक पाठवलंय." मी बघायचे, कुणाचं डोकं फिरलेलं असायचं, कुणाचं तोंड उतरलेलं, कुणाच्या पोटात कावळे ओरडत असायचे. मी हिरवं दाबत जायचे. दिवसभर, आठवडाभर. कधीकधी घरी जाताना मेट्रोत शेजारच्या बायकांचं बोलणं कानी येई आणि माझं बोट आपोआप हलायचं. इतका शीण त्या कामानं यायचा. अंगमेहनत काडीची नव्हती, तरी यायचा.

पण त्याच टेबलावर आमचं दुसरंही एक काम सुरू झालं होतं, जे कुणी आम्हाला दिलेलं नव्हतं. अण्णा घरी बोलायची वाक्यं आधी माझ्यावर तपासून घेऊ लागले.

"अक्का, 'मला तुझी आठवण येते', हे कसं आहे?"

"चांगलं आहे की. पण तुम्ही तर तिथेच असता."

"दिवसभर इथं असतो ना. तेव्हा शेजारच्या बाई बसतात तिच्यापाशी."

"मग म्हणा की."

"येते म्हणजे कुठनं येते, असं विचारेल. दाराकडं बघत बसेल."

आम्ही दोघंही विचार करत बसलो. समोर यंत्राची वाक्यं ताटकळत होती. शेवटी मी म्हटलं, "'मी तुला दिवसभर विसरत नाही,' असं म्हणा."

अण्णांनी ते ओठांतल्या ओठांत दोनतीनदा म्हणून पाहिलं. काही खटकतंय का बघितलं. "सरी," म्हणाले. कन्नडमध्ये ठीक.

दुसऱ्या दिवशी मी पर्स ठेवायच्या आतच त्यांनी सांगितलं, "चाललं. ती म्हणाली, मी पण." मला त्या दिवशी जो आनंद झाला, तसा त्या शहरात आल्यापासून झाला नव्हता.

अशी चाळून चाळून त्यांच्याकडे फार थोडी वाक्यं उरली. त्यांतली चार ते रोज संध्याकाळी बायकोजवळ बसून म्हणायचे. उजेड कमी झाला की तिची भीती वाढायची म्हणून. "मी इथं आहे. तू इथं आहेस. दार उघडं आहे. दिवा लावलाय." ही चार वाक्यं त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली होती, की मलाही ती पाठ झाली होती. बघा यात काही सापडतं का, असं ते विचारायचे. मला काही सापडलं नाही.

संक्रांतीला मी त्यांच्या घरी गेले. तिळगुळाची डबी घेऊन. अण्णा फाटकापाशीच उभे होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अक्का, नुसतं 'घ्या' म्हणा. पुढचं नको." मला आधी कळेना, मग कळलं. गोड बोला, हे नको. बोलणं गोड कसं असेल, तोंडात काय आहे, अशी ती गोंधळली असती. जन्मभर जे न कळत बोलत आले ते त्या दारात मला गिळावं लागलं.

काकू लहानखुऱ्या होत्या. केस विंचरून घट्ट बांधलेले. बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि पायांत चपला होत्या. घरात असूनही. दार सताड उघडं. मी डबी पुढे केली.

"घ्या."

त्यांनी एक वडी उचलून बघितली. "तिळगूळ आहे," म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही केलात?"

"नाही. विकत आणला."

"कुठून आलात?"

"बनशंकरीहून."

"कशानं?"

"मेट्रोनं."

"जागा मिळाली?"

"नाही. उभी होते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "दमलात का?" असं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग बसा," काकू म्हणाल्या.

मी बसले आणि मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी इतकं सरळ काही विचारलं नव्हतं आणि मीही इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "रडता का?" मी "हो" म्हटलं. त्यांनी अण्णांना सांगितलं, "त्यांना पाणी द्या." अण्णांनी पाणी दिलं. मग आम्ही तिघांनी तिळगूळ खाल्ला. त्या घरात जेवढं बरं वाटलं, तेवढं मला नंतर कुठल्या हिलस्टेशनलाही वाटलं नाही.

उन्हाळ्यात काकूंना दुसरा झटका आला. त्यातून त्या घरी परत आल्या, पण मराठी त्यांना झेपेना. अण्णांचं साधं वाक्यही त्या ऐकायच्या आणि पुढे आणखी काहीतरी असेल म्हणून वाट बघत राहायच्या. "मराठीत मी फार बोललोय तिच्याशी," अण्णा म्हणाले. यावर त्यांनी काय केलं, तर ते बायकोशी कन्नड बोलायला लागले.

त्यांना स्वतःला कन्नड उत्तम यायचं. काकूंचं मात्र बाजारापुरतंच होतं. लग्न होऊन बंगळूरला आल्यावर भाजीवाल्यांशी आणि दूधवाल्याशी बोलून जेवढं येतं तेवढं. बेकु म्हणजे पाहिजे. बेडा म्हणजे नको. साकु म्हणजे पुरे. स्वल्प म्हणजे थोडं. त्या भाषेत त्या कधी भांडल्या नव्हत्या, लाजल्या नव्हत्या, कुणाचं भाषण ऐकलं नव्हतं. कोथिंबीर मागितली होती आणि मिळाली होती. म्हणून ते शब्द तेवढे शाबूत राहिले होते. चाळीस वर्षांचा संसार झालेलं जोडपं आपल्या घरात बसून भाजीबाजारातलं कन्नड बोलत होतं. "ऊटा बेका?" जेवायला हवं का? "स्वल्प." "नीरु बेका?" पाणी? "बेडा." संध्याकाळची चार वाक्यं तेवढी अण्णांनी मराठीत ठेवली होती. ती मात्र त्यांना कळायची. निदान ती ऐकताना त्या दाराकडे बघायच्या नाहीत, असं अण्णांनी सांगितलं.

काकू पावसाळ्यात वारल्या. लीडला अण्णांचा मेसेज आला. त्यात लिहिलं होतं, 'बायको मेली. काही दिवस येणार नाही.' लीडनं तो मला दाखवला. "काका असं का लिहितात?" तो म्हणाला. 'गेली' लिहिलं असतं तर कुठे गेली असा प्रश्न आला असता, हे मी त्याला काय सांगणार?

आम्ही दोघं भेटायला गेलो, तेव्हा घरात मंडळाची माणसं भरली होती. मेहुणी सगळं सांगत होती. शेवटच्या दिवशी दुपारी काकू शुद्धीवर होत्या, अण्णा जवळ बसले होते, आणि काकू एकच शब्द बोलल्या, "साकु." त्यानंतर बोलल्या नाहीत.

मंडळाचे कार्यवाह हात जोडून उभे राहिले. अण्णांनंतर गणपतीत भाषण तेच करायचे. "केवढं बोलून गेल्या हो वहिनी!" ते म्हणाले. "एका शब्दात. साकु. पुरे. हा संसार पुरे, हे दुखणं पुरे, ही जन्माची यातायात पुरे! मोठमोठ्या संतांना जमत नाही ते—"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मेहुणी हुंदके द्यायला लागली. 

"पाणी," अण्णा म्हणाले.

ते कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. कुणाला वाटलं त्यांना पाणी हवंय, म्हणून एकजण आत पळाला. अण्णा भिंतीला धरून उठले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"मी तिला चमच्यानं पाणी देत होतो. पोट भरलं तिचं. ती म्हणाली, साकु. पाणी साकु. दुसरं काही नाही त्यात."

"अण्णा, आम्ही आपलं—" कार्यवाह चाचरले. "तुम्हीच पूर्वी कसं बोलला असता—"

"ती भ्याली नव्हती," अण्णा म्हणाले. "पाणी पुरे झालं म्हणून तिनं सांगितलं. मग झोपली. मग मेली. भ्याली नाही. तेवढं मला माहीत आहे. त्याला काही चिकटवू नका."

आतून आलेला माणूस पाण्याचा तांब्या घेऊन मधेच उभा राहिला. अण्णांनी तो घेतला आणि खरंच थोडं पाणी प्यायले. परत जाताना लीड मला म्हणाला, "ताई, ते राजाजीनगरचं एक माणूस म्हणजे या होत्या ना?" मी हो म्हटलं. 

अण्णा थोड्या दिवसांनी कामावर परत आले. पांढरा शर्ट तसाच, मनगटापर्यंत बटणं. आता ते साधं बोलणं सोडतील, पुन्हा मंडळात जातील, कदाचित भाषणही करतील, असं मला वाटलं होतं. आता कुणासाठी निवडून बोलायचं? पण ते तसेच राहिले. गुडघा कसा आहे विचारलं, तर "दुखतो" म्हणायचे. फक्त वाक्यं तपासायला देणं बंद झालं आणि त्यानं माझे दिवस फार लांब झाले. मेलेली अजून माझ्याकडेच येत होती. लीडनं तो नियम बदलला नव्हता, आणि अण्णांनीही बदला म्हटलं नव्हतं.

मग एका दुपारी, बाय-टू घेऊन आल्यावर, मी सहज त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं. कुणाच्या तरी गोष्टीतलं वाक्य होतं. 'संध्याकाळ झाली की त्याला घर खायला उठे.' आता खुर्ची मागे घेऊन "अक्का, एक पाठवलंय" म्हणतील, म्हणून मी थांबले. ते खुर्ची मागे घेईनात. त्यांनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि स्वतःच हिरवं बटण दाबलं.

"अण्णा, हे माझ्याकडे यायचं ना?"

"नको. हे साधं आहे."

शेवटी त्यांनी नियम मानला, असं मला वाटलं. थोडं बरंही वाटलं आणि थोडं वाईट. पण ते अजून त्या वाक्याकडेच बघत होते.

"काल संध्याकाळी कॉफी केली," ते म्हणाले. "आत बसून प्यायला घेतली. बसता आलं नाही. उठलो, चपला घातल्या, आणि व्हरांड्यात जाऊन बसलो. ती बसली होती तिथंच. बरोबर सांगत होती ती. मला म्हणाली होती, तुम्ही पण बाहेर या."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

"शेजारच्या बाई रस्त्यानं चालल्या होत्या. माझ्या पायात चपला बघितल्या आणि म्हणाल्या, एल्लिगे होग्तिद्दीरा अण्णा? कुठं निघालात? मी म्हटलं, कुठं नाही. मी इथं आहे."

त्या चार वाक्यांतलं त्याच्यापुढचं वाक्य मला पाठ होतं. मी ते येईल म्हणून वाट पाहिली. अण्णांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर कुणाचं तरी दुसरंच वाक्य आलं.